उत्सवाचा दुसरा दिवस

आमच्या गल्लीतला मांडव उतरवला जातो, तो दिवस मला विसर्जनाच्या दिवसाइतकाच लक्षात राहतो. वासे सुटतात, सुतळ्या कापल्या जातात, मंडपवाल्याचा टेम्पो पत्रे घेऊन निघून जातो आणि रस्त्यावर उरतात खांबांचे खड्डे. काही वर्षांपूर्वी मंडळातली कॉलेजात जाणारी दोन मुलं घमेलं, खडी, वाळू आणि अर्धी गोणी सिमेंट घेऊन त्या खड्ड्यांपाशी बसलेली दिसली. आदल्या रात्री ढोल वाजवून एकाच्या बोटांवर चिकटपट्ट्या होत्या. तो खडी भरत होता, दुसरा थापीनं माल सारखा करत होता. एकूण चौदा खड्डे होते. कामावर निघालेली माणसं दुचाकी जरा वळवून पुढे जात होती. शेवटचा खड्डा बुजेपर्यंत ती मुलं उठली नाहीत.

तेव्हापासून कुठलाही उत्सव पाहिला, की त्याच्या दुसऱ्या दिवसाचा विचार मनात येतो. दिवे मालवल्यावर मागे काय उरतं? किती माणसं नव्यानं कामाला लागली, किती कान तयार झाले, नदी कशी राहिली? पुण्याच्या वार्षिक उत्सवांचा आढावा मी याच प्रश्नाला धरून घेणार आहे. गर्दीचे आकडे दर वर्षी छापून येतात. उत्सवाची खरी कमाई मात्र गर्दी ओसरल्यावर कळते.

वर्षाचा फेरा

पुण्याचं सांस्कृतिक वर्ष जानेवारीत चित्रपट महोत्सवानं आणि संगीताच्या मैफलींनी सुरू होतं. एप्रिलमध्ये ११ तारखेला महात्मा फुले यांची आणि १४ तारखेला डॉ. आंबेडकरांची जयंती. गंज पेठेतल्या फुले वाड्यात आणि पुणे स्टेशनजवळच्या आंबेडकर पुतळ्यापाशी पहाटेपासून माणसांची रीघ लागते. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला, ज्येष्ठ सरताना पालख्या, पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक, भाद्रपदात गणपती, आश्विनात चतुःशृंगीची जत्रा, मग दिवाळी पहाट. डिसेंबरात सवाई गंधर्व, आता त्याच्या जोडीला पुस्तक महोत्सव, आणि नाताळात लष्कर भागातला महात्मा गांधी रस्ता दिव्यांनी उजळलेला. रमजानच्या रात्री लष्करात आणि कोंढव्यात पहाटेपर्यंत जाग असते.

या सगळ्यांची वयं वेगवेगळी, प्रकृती वेगवेगळी. काही भक्तीचे, काही कलेचे, काही विचारांचे. तरी त्यांना उभं करणाऱ्या गोष्टी त्याच आहेत : बिनपगारी राबणारा कार्यकर्ता, परवडणारी जागा आणि शहरानं दिलेला वेळ. या तिन्हींवर आज ताण आहे.

गणपती : मांडवात घडणारी माणसं

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाचा वाद पुण्यात अजून रंगतो. ग्वाल्हेरचा थाटाचा गणेशोत्सव पाहून आलेले खासगीवाले, शालूकरांच्या बोळात राहणारे भाऊसाहेब रंगारी आणि त्यांचे सोबती यांनी १८९२ मध्ये पुण्यात सार्वजनिक गणपती बसवले. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्या उपक्रमाला बळ दिलं आणि पुढच्या वर्षापासून उत्सव झपाट्यानं पसरला. श्रेय कोणाला किती, यावर बोलणारे बोलोत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की घरात होणारी पूजा रस्त्यावर आली आणि आळीतल्या माणसांना एकत्र बसून हिशेब ठेवण्याची, भांडण्याची आणि भांडण मिटवण्याची एक जागा मिळाली. गुरुजी तालमीचा गणपती तर हिंदू आणि मुसलमान मंडळींनी मिळून बसवलेला. आज तो मानाचा तिसरा आहे.

कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या पाच मानाच्या गणपतींनी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक सुरू होते आणि लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकाकडे सरकते. चोवीस तास उलटले तरी ती संपत नाही. २०२० मध्ये करोनामुळे मानाच्या गणपतींचं विसर्जन मांडवातच हौदात झालं. ओस पडलेला लक्ष्मी रस्ता पाहून अनेक जुन्या पुणेकरांचे डोळे भरले होते. जुलै २०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सव हा महाराष्ट्राचा राज्य महोत्सव असल्याचं जाहीर केलं.

या उत्सवाची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे कार्यकर्ता. पावती पुस्तक घेऊन जिने चढणारा, परवान्यासाठी पोलीस चौकीत आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालणारा, देखाव्याची वायर जळाली तर रात्री दोनला इलेक्ट्रिशियन शोधून आणणारा. ज्या मुलाला घरी कोणी विचारत नाही, त्याच्या हाती मंडळात प्रसादाची, रांगेची, खजिन्याची जबाबदारी येते. रक्तदान शिबिर असो, पूर आला असो, रात्रीबेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, हीच मुलं पुढे असतात. दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टतर्फे ससून रुग्णालयातल्या रुग्णांना जेवण दिलं जातं. दहा दिवसांच्या उत्सवातून वर्षभराचं काम कसं उभं राहतं, याचं ते उदाहरण आहे.

ढोल-ताशा पथकांचीही तीच गोष्ट. पावसाळा सुरू झाला, की नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर वाद्यपूजन होऊन सराव सुरू होतो. दिवसभर संगणकासमोर बसलेली तरुण मुलं-मुली संध्याकाळी कमरेला ढोल बांधतात. पाऊस लागला की ढोलाचं पान सैल पडतं, मग दोघं मिळून दोऱ्या आवळतात. ताशाची तर्री सुरू होते, टोल पडतो आणि शंभर टिपरं एकाच वेळी खाली येतात. या शिस्तीत मुलींनी आपली जागा कमावली, हा गेल्या काही दशकांतला मोठाच बदल आहे.

पण याच उत्सवाचा दुसरा दिवस दुखवणाराही असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. रंग उडालेले हात, अर्धी सोंड, तुटलेले मुकुट काठाला लागलेले पाहिले, की दहा दिवसांची भक्ती कुठे गेली असं वाटतं. यावर पुण्यातच एक उत्तर सापडलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात अशी मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. घरातल्या बादलीत हे द्रावण करून मूर्ती सोडली, अधूनमधून ढवळलं, की साधारण दोन दिवसांत तिचा गाळ होतो. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खताचं, आणि खाली बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका. महापालिकेनं ही पावडर घरगुती विसर्जनासाठी वाटली. हौद आणि लोखंडी टाक्या ठेवल्या. त्याहून सरळ वाट शाडूच्या लहान मूर्तीची. मंडळाची मोठी मूर्ती कायम ठेवून पूजेच्या छोट्या मूर्तीचं विसर्जन करण्याची रीतही अनेक ठिकाणी रुजली आहे. श्रद्धा आणि नदी दोन्ही जपता येतात, हे पुणेकरांनी स्वतः करून पाहिलेलं आहे.

पालख्या : यजमान होण्याचा सण

गणपतीत पुणं मिरवतं, पालखीत ते यजमान होतं. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी एकाच दिवशी शहरात येते. दोन रात्री माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. मग एक वाट दिवे घाटातून सासवडला चढते, दुसरी लोणी काळभोरकडे वळते.

या दोन दिवसांत पेठांमधल्या शाळा, मांडव, वाड्यांच्या ओसऱ्या वारकऱ्यांनी भरून जातात. चर्मकार बांधव रस्त्याच्या कडेला बसून तुटक्या चपला शिवून देतात, नाभिक दाढी-कटिंग करून देतात, डॉक्टर पायांचे फोड धुऊन मलमपट्टी करतात, घराघरांतून पिठलं-भाकरी जाते. कोणी पैसे घेत नाही. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या ठरलेल्या, मुक्काम ठरलेले. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला लावलेली ही शिस्त अजून चालते. लाखो माणसं चालतात आणि व्यवस्था बहुतांशी एकमेकांच्या शब्दावर चालते. उत्सवाच्या व्यवस्थापनाचा याहून मोठा धडा दुसरा नाही.

एका पालखीच्या प्रस्थानानंतर मी नाना पेठेतल्या एका शाळेत गेलो होतो. वर्गात बाकं भिंतीला लावून ठेवलेली, जमिनीवर ओल्या कपड्यांचा आणि बुक्क्याचा वास. वस्तीतल्या बायका झाडू घेऊन आल्या होत्या. एका वर्गाचा कोपरा आधीच स्वच्छ झाडलेला होता. तिथे उतरलेल्या म्हाताऱ्या माउलींनी पहाटे निघण्याआधी आपली जागा स्वतःच झाडली होती. त्या झाडलेल्या कोपऱ्यात मला वारीचा अर्थ कळला. जिथे फिरती शौचालयं आणि कचरा उचलणारे स्वयंसेवक वेळेवर पोचतात, तिथे हा दुसरा दिवस सुसह्य होतो. जिथे पोचत नाहीत, तिथे सगळा भार सफाई कामगारांच्या पाठीवर पडतो. त्यांच्याविना एकही उत्सव पार पडत नाही आणि आभाराच्या भाषणात त्यांचं नाव क्वचित येतं.

सवाई : ऐकणाऱ्यांचं शहर

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं गुरूच्या स्मृतीचा उत्सव सुरू केला. पुण्यतिथीच्या त्या छोट्या कार्यक्रमाचा देशातला एक मोठा संगीत महोत्सव झाला. भीमसेनजी उत्तम गायक होतेच, पण कलाकाराला फोन करणं, स्टेशनवरून आणणं, मांडवात लक्ष घालणं हेही त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २०११ मध्ये ते गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं.

रमणबागेच्या मैदानावर या महोत्सवानं पिढ्या घडवल्या. थंडीत शाल लपेटून सतरंजीवर बसलेली माणसं, थर्मासातला चहा, तानपुरे जुळत असताना पसरणारी शांतता. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागते आणि हजारो माणसं निश्चल उभी राहून ती ऐकतात. गेली काही वर्षं महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. या मांडवानं घडवलेला श्रोता हीच त्याची खरी ठेव. गाणं न शिकलेली माणसंही इथे यमन आणि पूरिया धनाश्री ओळखू लागतात. तरुण गायकाला या श्रोत्यांसमोर मिळालेली दाद आयुष्यभर पुरते.

मात्र इथलं काही तरी हरवलंही आहे. पूर्वी मैफली रात्रभर चालत. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाले आणि उत्तररात्रीचे, पहाटेचे राग मांडवातून जवळपास बाहेर पडले. मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकणं ज्यांनी अनुभवलं, त्यांना ही उणीव फार लागते. आयोजकांनी सत्रांच्या वेळा बदलून वाट काढली, पण रात्रीच्या रागांची जागा दुपार घेऊ शकत नाही.

शब्दांचे उत्सव

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आज टिळक स्मारक मंदिरात भरते. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते. एप्रिल-मेच्या उकाड्यात महिनाभर रोज संध्याकाळी एक वक्ता, एक विषय. दीडशे वर्षांपूर्वी शहरानं ठरवलं, की सुट्टीचा काळ ऐकण्यात आणि विचार करण्यात घालवावा. आता खुर्च्यांवर पांढरे केस जास्त दिसतात. विषय आणि मांडणी तरुणांपर्यंत नेणं, ही या मालेपुढची सगळ्यात तातडीची गोष्ट आहे.

तरुण कुठे आहेत? पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराच्या दाराशी जावं. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीनं सदाशिव पेठ दुमदुमते. महिनाभर कॉलेजच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी गच्चीवर तालमी झालेल्या असतात. एक एकांकिका, मोजका नेपथ्याचा पसारा आणि पडद्यामागे श्वास रोखून उभी राहिलेली मुलं. मराठी रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या कितीतरी लेखक-दिग्दर्शक-नटांनी पहिली टाळी इथेच ऐकली. २०२२ मध्ये एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, असं ठरवून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर खूप चर्चा झाली. मला त्या निर्णयात स्पर्धेचं आरोग्य दिसलं. बक्षीस द्यायचंच म्हणून न देणारी स्पर्धा मुलांना खरं मोल शिकवते.

आंबेडकर जयंतीचा एक भाग मला या शब्दांच्या उत्सवांत ठेवावासा वाटतो. महाविद्यालयांत आणि अभ्यासिकांत मुलं सलग अठरा तास वाचत बसतात. महापुरुषाला अभिवादन अभ्यासानं करायचं, ही कल्पनाच किती सुंदर आहे. या उत्सवाचा दुसरा दिवस मुलांच्या वहीत उरतो.

नवी भर

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला. त्याचे संचालक डॉ. जब्बार पटेल पुण्याच्याच बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना नाटकात रमलेले. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये चित्रपटकला शिकवणारी संस्था आली, १९६४ मध्ये शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. त्यामुळे जगाचा सिनेमा रांग लावून बघणारा प्रेक्षक या शहरात आधीच तयार होता. डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव सुरू झाला. शाळकरी मुलं पिशव्या भरून पुस्तकं नेताना पाहून फार बरं वाटतं. दिवाळी पहाटही आता गल्लोगल्ली होते.

या नव्या भरीचं स्वागतच आहे. फक्त एक फरक ध्यानात घ्यावा. जुन्या उत्सवांत येणारा माणूस हळूहळू कामाला लागत असे. आज सतरंजी अंथरणारा उद्या सूत्रसंचालन करी, परवा चिटणीस होई. आता कंत्राट दिलं, की मंच, प्रकाश, ध्वनी, सुरक्षा सगळं तयार मिळतं. काम नेटकं होतं, पण नवा कार्यकर्ता घडत नाही. प्रेक्षक दरवर्षी वाढतो आणि काम पेलणारे हात तेवढेच राहतात.

ताण कुठे आहे

पहिला ताण आवाजाचा. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देण्याची मुभा सरकारला आहे. त्यांतले बरेच दिवस गणपती-नवरात्रात खर्च होतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी छाती हादरते, लहान मुलं दचकतात, हृदयविकाराचे रुग्ण दार-खिडक्या लावून बसतात. २०२४ मध्ये हरित लवादानं पथकातल्या वादकांची संख्या तीसवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालयात जाण्याची वेळ येण्याआधी मंडळांनी, पथकांनी आणि रहिवाशांनी एकत्र बसायला हवं. कितीही वाजवलं तरी चालेल, हे जसं चुकीचं, तसंच सगळंच बंद करा, हेही चुकीचं.

दुसरा ताण जागेचा. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. शहर वाघोली, आंबेगाव, उंड्रीपर्यंत पसरलं, पण कलेचा पत्ता अजून पेठा, डेक्कन आणि टिळक रस्त्याभोवतीच फिरतो. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि पद्मावतीचं अण्णा भाऊ साठे सभागृह सोडलं, तर बाहेरच्या वस्त्यांना जवळचं असं फार थोडं आहे. १९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा प्रश्न तर पुणेकरांच्या जिव्हारी लागणारा. हिराबागेतल्या ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या छोट्या जागा प्रयोगशील नाटकाला जगवतात. अशा जागा प्रत्येक उपनगरात हव्यात. शे-दीडशे खुर्च्या, नीट दिवे, स्वच्छ स्वच्छतागृह आणि विद्यार्थ्यांना परवडेल असं भाडं, एवढंच पुरे.

तिसरा ताण पैशाचा. वर्गणी देणारा माणूस मंडळाला प्रश्न विचारू शकतो, कारण त्यानं घामाचे एक्कावन्न रुपये दिलेले असतात. रस्त्यावरच्या जाहिरातींच्या कमानींतून येणारा पैसा मोठा, पण त्याच्यासोबत गल्लीचा वचक येत नाही. जमाखर्चाचा अहवाल छापून घरोघर देणारी मंडळं अजून आहेत. तीच उत्सवाचा कणा आहेत.

पुढची वाट

माझं मागणं मोठं नाही. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी तालमींना आणि व्याख्यानांना खुले करावेत. ध्वनीच्या सवलतीच्या पंधरा दिवसांतल्या आणखी काही रात्री शास्त्रीय संगीताला द्याव्यात, म्हणजे दरबारी त्याच्या वेळी ऐकण्याची संधी वाढेल. मोठ्या महोत्सवांनी दर वर्षी काही विद्यार्थ्यांना केवळ प्रवेशिका न देता काम द्यावं आणि शिकवावं. प्रत्येक परवान्यात दुसऱ्या दिवसाची जबाबदारी लिहिलेली असावी : खड्डे, कचरा, पाणी, आणि सफाई कामगारांचा जादा मेहनताना. नव्या गावांतल्या जत्रांना, भजनी मंडळांना, कुस्तीच्या आखाड्यांना शहराच्या सांस्कृतिक वर्षात मानाची जागा मिळावी. ती गावं पुण्यात आली, तेव्हा त्यांचे उत्सवही आपले झाले.

गेल्या वर्षी मांडव उतरला तेव्हा गल्लीत पुन्हा घमेल्याचा आवाज आला. थापी हातात घेतलेला मुलगा आता नोकरीला लागलेला, सुट्टी काढून आलेला. त्याच्याजवळ शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उकिडवी बसली होती. खड्डा पाण्यानं आधी भिजवायचा, मग माल भरायचा, असं तो तिला दाखवत होता. तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. दप्तर बाजूला ठेवलेलं होतं आणि शाळेची रिक्षा कोपऱ्यावर थांबली होती. तो खड्डा पूर्ण बुजवूनच ती उठली.